माहेरी कुणाला किडनीचं होतं का?

"मला सिस्ट आहेत," असं मी कुणाला सांगितलं की समोरची बाई हमखास म्हणते, "अगं, त्यात काय एवढं! माझ्या भाचीलाही आहेत. वजन कमी कर, गोड बंद कर, पाळी सुरळीत होईल." आता मी पन्नाशीत. पाळीची कटकट केव्हाच संपली. मग मला सांगावं लागतं, "अहो, तुम्ही म्हणता त्या अंडाशयातल्या. माझ्या किडनीत आहेत." यावर बहुतेकींचा चेहरा असा होतो, की किडनीत कशा असतील बाई सिस्ट?

पीसीओडी हा शब्द आता सिन्नर, येवल्यापासून सटाण्यापर्यंत घराघरात पोचला आहे. कॉलेजातल्या मुली तो सर्दी-पडशासारखा सहज बोलतात. पण त्याच 'पॉलिसिस्टिक' नावाचा दुसरा एक आजार आहे, पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. थोडक्यात पीकेडी. पॉली म्हणजे पुष्कळ आणि सिस्ट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. नाव सारखं असलं तरी दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पीसीओडी हा हॉर्मोन्सचा खेळ. पीकेडी हा रक्तातून, म्हणजे जनुकातून येणारा किडनीचा आजार. त्यामुळे मैत्रिणींनो, पोटाची सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये 'सिस्ट' हा शब्द दिसला, तर ती अंडाशयात आहे, किडनीत आहे की लिव्हरमध्ये, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा. "सिस्ट आहेत म्हणे" एवढ्यावर फाइल कपाटात ठेवू नका.

द्राक्षाच्या घडासारखी किडनी

आपण नाशिककर, तेव्हा उदाहरण द्राक्षाचंच देते. डॉक्टरांनी मलाही तेच दिलं होतं. चांगली किडनी साधारण आपल्या मुठीएवढी असते. दहा-अकरा सेंटिमीटर लांब, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. तिच्यात रक्त गाळणाऱ्या सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. पीकेडीत या गाळण्यांच्या नळ्यांना ठिकठिकाणी फुगे येतात. सुरुवातीला मोहरीएवढे, मग द्राक्षाएवढे, काही तर लिंबाएवढे. वर्षानुवर्षं ते वाढत राहतात आणि शेवटी किडनी द्राक्षाच्या घडासारखी दिसायला लागते. वीस सेंटिमीटरच्याही पुढे जाते. आकार वाढतो, पण चांगला भाग मात्र दबून कमी कमी होत जातो.

हा आजार आई किंवा वडील, कुणाकडूनही येतो. दोघांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तसं. आणि प्रत्येक बाळाच्या वेळी नाणं नव्याने उडतं. थोरल्याला आला म्हणून धाकटी सुटली, असा हिशेब नाही. मुलगा-मुलगी असा भेदही नाही. ज्याला आला नाही, तो पुढे कुणाला देत नाही. काही वेळा घरात कुणालाही नसताना एखाद्यात तो नव्यानेच सुरू होतो. पुस्तकांमध्ये साधारण चारशे ते हजार माणसांमागे एकाला असं प्रमाण दिलेलं असतं. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावातही अशी घरं असणारच. यामागच्या दोन मुख्य जनुकांचा शोध १९९४ आणि १९९६ मध्ये लागला. पहिल्या जनुकातला दोष जास्त जणांत आढळतो आणि त्यात किडनी लवकर थकते. दुसऱ्यातला त्या मानाने सौम्य असतो.

जन्मापासून सोबत असलेला हा आजार तिशी-चाळिशीपर्यंत गप्प बसतो. म्हणूनच त्याच्या बारीकसारीक खाणाखुणा माहीत हव्यात.

आमच्या घरातली यादी

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. मी नाशिकला शाळेत शिकवते. २००९ साली, मी चौतीस वर्षांची असताना, शाळेतल्या आरोग्य तपासणीत माझं बीपी १६० वर १०० निघालं. दोनदा, तीनदा मोजलं, तेवढंच. पुढे सोनोग्राफी झाली आणि दोन्ही किडन्या सिस्टनी भरलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "माहेरी कुणाला किडनीचं होतं का?"

किडनीचं असं कुणाला नव्हतं. पण मी बोटांवर मोजायला लागले. आईचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी अंगावर सूज येऊन गेले. घरात म्हणत, "अंगात पाणी झालं." थोरला मामा बेचाळिसाव्या वर्षी शेतात डोकं धरून खाली बसला आणि उठलाच नाही. "डोक्यातली शीर फुटली." मावशीचं पोट पन्नाशीत इतकं वाढलं की लग्नकार्यात बायका तिला हसून विचारत, "काय गं, या वयात?" आणि आईला तिशीपासून बीपी. त्याचं खापर तिच्या तापट स्वभावावर आणि आजीच्या सासुरवासावर.

प्रत्येकाच्या आजाराला घराने वेगळं कारण शोधलं होतं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आई आणि मावशीची सोनोग्राफी करून घ्या." दोघींच्याही किडन्या माझ्यासारख्याच निघाल्या. नंतर माझ्या भावाच्याही. चार वेगवेगळे आजार समजून आम्ही ज्यांना रडलो, तो एकच आजार होता. म्हणून आता लक्षणं सांगताना मी आमच्या माणसांच्याच गोष्टी सांगते. त्या लक्षात राहतात.

आईचं बीपी

पीकेडीचं सगळ्यांत पहिलं लक्षण बहुतेकदा बीपी असतं. किडनीचं काम अजून उत्तम चालू असतानाच, तिशीच्या आसपास ते वाढायला लागतं. सिस्टचा दाब बारीक रक्तवाहिन्यांवर पडतो. किडनीला वाटतं आपल्याला रक्त कमी मिळतंय, म्हणून ती बीपी वाढवणारी रसायनं सोडते. बीपी वाढलं की किडनी आणखी खराब, आणि किडनी खराब झाली की बीपी आणखी वर. हे चक्र तोडणं हाच निम्मा उपचार.

गंमत अशी की वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही. आणि तिशीतल्या बाईचं बीपी कोण मोजतं? मोजलं तर "टेन्शन घेऊ नका" म्हणून विषय संपतो. पुरुषाचं बीपी वाढलं की ईसीजी निघतो, बाईचं वाढलं की तिचा स्वभाव निघतो! चाळिशीच्या आत बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर येत असेल, तर कारण शोधायलाच हवं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोजून मिळतं. पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा.

माझी कंबर

दुसरं लक्षण दुखणं. कंबर दुखत नाही अशी बाई मला दाखवा! बाळंतपण, हंडे, धुणं, दिवसभर उभं राहणं, कारणं भरपूर. पण किडनीचं दुखणं थोडं वेगळं असतं. ते पाठीच्या मधोमध नसून बाजूला, बरगड्यांच्या खाली असतं, एका किंवा दोन्ही अंगांना. मला तिथे कुणीतरी ओझं बांधल्यासारखी ओढ लागते. दिवसभर वर्गात उभी राहिले की संध्याकाळी जास्त. अचानक कळ आली तर तिचं कारण वेगळं असू शकतं. सिस्टमध्ये रक्त उतरलेलं असतं, जंतुसंसर्ग असतो किंवा मुतखडा सरकलेला असतो. पीकेडीच्या साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला मुतखडा होतोच.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगते. दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायची आपली सवय असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या वारंवार घेतल्या तर किडनीला इजा करतात. आधीच दुबळ्या किडनीला तर जास्तच. दुखण्यावर काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. सहसा ते पॅरासिटामॉल सांगतात. मुतखड्याची पूड, भस्म, काढा घेत असाल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका.

दादाची लघवी

माझा भाऊ कांद्याच्या व्यापारात. एकदा लासलगावहून आला आणि रात्री लघवी कोकम सरबतासारखी लाल झाली. घाबरून रात्रीच दवाखाना गाठला. सिस्टमधली बारीक रक्तवाहिनी फुटली की असं होतं. कधी वजन उचलल्यावर, कधी काहीच कारण नसताना. बहुतेक वेळा विश्रांती आणि भरपूर पाण्याने काही दिवसांत ती थांबते, पण डॉक्टरांना दाखवायला हवंच. बायकांच्या बाबतीत एक अडचण असते. लाल दिसलं की ते पाळीचं, असं आपण धरून चालतो. पाळीचे दिवस नाहीत, किंवा पाळी गेलेली आहे आणि तरी लघवीला जाताना लाल दिसतं, तर लघवीची तपासणी करून घ्या.

लघवीची आणखी दोन लक्षणं आहेत. एक, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग. जळजळ, सारखं जावंसं वाटणं. त्यात थंडी वाजून ताप आला आणि कुशीत दुखायला लागलं, तर सिस्टमध्येच पू झालेला असू शकतो. हा घरी काढायचा ताप नाही. दोन, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं आणि तहान जास्त लागणं. या आजारात लघवी घट्ट करण्याची किडनीची ताकद लवकर कमी होते, म्हणून लघवी जास्त होते. शुगर तपासली, नॉर्मल आली, तरी उठावं लागतंच, तर किडनीचाही विचार करावा.

मावशीचं पोट

मावशीच्या पोटाचं कारण तिचं लिव्हर होतं. पीकेडीत लिव्हरमध्येही सिस्ट होतात. त्या पुरुषांनाही होतात, पण बायकांमध्ये जास्त आणि मोठ्या होतात, कारण इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन त्यांना वाढवतं. बाळंतपणं जास्त झालेल्या बाईत त्या आणखी वाढलेल्या आढळतात. लिव्हरचं काम सहसा चांगलंच राहतं, त्रास होतो तो आकाराचा. दोन घास खाल्ले की पोट भरतं, वाकता येत नाही, धाप लागते, साडी नेसताना निऱ्या खोचवत नाहीत. मावशी हे सगळं हसण्यावारी न्यायची. लिव्हरमध्ये मोठ्या सिस्ट असतील, तर गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यावरच्या हॉर्मोनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

मामाचं डोकं

हे सगळ्यांत कमी जणांत दिसणारं, पण सगळ्यांत धोक्याचं. पीकेडीच्या दहा-बारा रुग्णांमागे एकाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा असतो. बहुतेकांचे फुगवटे कधीच फुटत नाहीत. पण फुटला तर वेळ फार थोडा असतो. आयुष्यात कधी झाली नाही अशी, वीज पडावी तशी अचानक डोकेदुखी, उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं, यातलं काही झालं तर बाम चोळत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. घरात कुणी असं गेलेलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेंदूची तपासणी करायची की नाही, हे त्यावरच ठरतं. मामाच्या इतिहासामुळे माझी आणि दादाची ती तपासणी झाली.

पायावर सूज, सारखा थकवा, मळमळ, अंगाला खाज, जेवण नकोसं होणं ही लक्षणं शेवटच्या टप्प्यातली. तोपर्यंत किडनीचं बरंचसं काम गेलेलं असतं. आजोबांचं तेच झालं.

क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल?

नाही. हे मला फार उशिरापर्यंत अनेक सुशिक्षित माणसांनाही समजवावं लागलं आहे. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्या जास्त काम करतात. एकत्र कुटुंबात एक सून आजारी पडली की दुसरी दोघींचं काम ओढते, तसं. त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन कितीतरी वर्षं नॉर्मल दिसतं. पीकेडी ओळखण्यासाठी साधी सोनोग्राफी हवी. घरात हा आजार असेल, तर पंधरा ते एकोणचाळीस वयात दोन्ही किडन्या मिळून तीन किंवा जास्त सिस्ट दिसल्या की निदान पक्कं धरतात. चाळीस ते एकोणसाठ वयात प्रत्येक किडनीत किमान दोन हव्यात आणि साठीनंतर प्रत्येकीत चार. वयाप्रमाणे आकडा वाढतो, कारण उतारवयात एखादी साधी सिस्ट कुणालाही होते. तेव्हा साठीच्या सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये एकच सिस्ट दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. उलट विशीत सोनोग्राफी कोरी आली म्हणून शंभर टक्के सुटलो असंही नाही. काही वर्षांनी पुन्हा करावी लागते.

निदान झालं म्हणजे उद्या डायलिसिस, असंही नाही. साधारण निम्म्या रुग्णांवर साठीपर्यंत डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ येते. बाकीच्यांवर त्यानंतर येते, किंवा येतच नाही. मला निदान होऊन पंधरा वर्षं उलटली. क्रिएटिनिन १.६ आहे. शाळा चालू आहे, घर चालू आहे.

बाळंतपण आणि औषधं

पीकेडी असलेल्या बाईने आई होऊच नये का? बीपी आणि किडनीचं काम ठीक असेल, तर बहुतेकींची बाळंतपणं नीट पार पडतात. फक्त गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे नाव नोंदवतानाच आजार सांगायचा. आणि एक अत्यंत महत्त्वाचं. या आजारात बीपीसाठी ज्या गोळ्या सर्वांत जास्त देतात, रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांच्या गटातल्या, त्या गर्भाला घातक आहेत. मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी लागते. मनाने बंद करायची नाही, विचारून बदलायची.

आजार मुळासकट बरा करणारं औषध अजून नाही. सिस्टची वाढ मंदावणाऱ्या टॉलव्हाप्टन या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते ठरावीक रुग्णांनाच देतात. त्याने लघवी प्रचंड होते आणि लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. "रोज चार-पाच लिटर पाणी प्या, गाठी विरघळतील" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऑस्ट्रेलियात १८४ रुग्णांवर तीन वर्षं याचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरवून जास्त पाणी पिणाऱ्यांच्या आणि तहानेप्रमाणे पिणाऱ्यांच्या किडनीच्या वाढीत फरक दिसला नाही. मुतखडा आणि संसर्ग टाळायला पाणी चांगलंच. पण बीपीची गोळी सोडून पाण्यावर विसंबू नका. आणि किडनीचं काम फार कमी झालेलं असेल, तर पाणीही डॉक्टर सांगतील तेवढंच.

स्वयंपाकघरातला उपचार एकच, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ सांगते. त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे, कैरीवर भुरभुरलेलं तिखट-मीठ सगळं आलं. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण रविवारची मिसळ महिन्यातून एकदा करा आणि सोबतचा पापड नवऱ्याच्या ताटात द्या. त्याचंही बीपी मोजून झाल्यावर!

"बोलू नकोस हं"

लक्षणं सांगून झाली. आता त्या लक्षणांवर पांघरूण घालणाऱ्या गोष्टीबद्दल बोलते. ती म्हणजे घरातली गुप्तता.

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. स्थळं यायला लागली तेव्हा सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "किडनीचं काही बोलू नकोस हं. आपलं पोरीचं काम आहे." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं आहे. मुलीच्या आजाराची कुजबूज गावभर होते, आणि मुलाच्या घरी कुणी विचारतही नाही की तुमच्या वडिलांना काय होतं? आजार मात्र मुलाकडूनही तितकाच पुढे जातो.

एर्मा बॉम्बेक नावाची एक अमेरिकन लेखिका होती. स्वयंपाक, मुलं, धुणं, नवरा यांवर विनोदी सदर लिहायची आणि ते तिकडच्या शेकडो दैनिकांत छापून यायचं. वयाच्या विशीतच तिला हाच आजार असल्याचं कळलं होतं. पण वाचकांना तिने १९९३ पर्यंत सांगितलं नाही. पुढे डायलिसिस झालं, एप्रिल १९९६ मध्ये प्रत्यारोपण झालं आणि त्याच महिन्यात ती गेली. घरातली हरेक गोष्ट वाचकांपुढे मांडणाऱ्या बाईनेही हीच एक झाकून ठेवली होती, हे वाचून मला सासूबाई आठवल्या. म्हणजे हे काही फक्त आपल्या गावाचं दुखणं नाही.

माझ्या मुलीने मात्र मला सरळ सांगितलं, "आई, मी आधीच सांगणार. नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल, आणि मला भीत भीत जगावं लागेल." तिने अजून सोनोग्राफी केलेली नाही. ती सज्ञान आहे, हा निर्णय तिचा. बीपी मात्र ती दर सहा महिन्यांनी मोजते आणि मुलाचा विचार करण्याआधी तपासणी करणार आहे. ऐकून एक स्थळ गेलं. दुसऱ्या घरची बोलणी चालू आहेत. त्या मुलाने स्वतः आमच्या डॉक्टरांना भेटायचं म्हटलं आहे. पुढचं पुढे.

गुप्ततेची किंमत किती, हे दादाच्या वेळी कळलं. बावन्नाव्या वर्षी त्याच्यावर प्रत्यारोपणाची वेळ आली. आपल्या देशात १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको हे जवळचे नातेवाईक म्हणून किडनी देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. पण आमच्यासारख्या घरात रक्ताच्या नात्यातली निम्मी दारं बंद असतात. मी देऊ शकत नव्हते. चुलत-मावस भावंडांनी आपापल्या सोनोग्राफी केलेल्या नव्हत्या, काहींना तर आजाराचं नावही माहीत नव्हतं. शेवटी वहिनीने दिली. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे वाचलं होतं, ते घरातच पाहिलं. दोघंही आज बरे आहेत. पण त्यानंतर दादाने स्वतः सगळ्या नातेवाइकांना फोन लावले.

खर्चाच्या भीतीनेही माणसं तपासणी टाळतात. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, शालिमारजवळ विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. आधार आणि रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, तो कागदपत्रं समजावून सांगतो.

आता येत्या सणाला माहेरी जाल तेव्हा एक काम करा. आईला, मावशीला, आत्याला घेऊन बसा आणि विचारा, कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं, बीपी कुणाला होतं, डायलिसिस कुणाचं झालं. वडिलांकडचं आणि आईकडचं दोन्ही लिहा. वहीचं एक पान पुरतं. ते पान पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवा. माझ्या मुलीच्या पर्समध्ये असं पान आहे.

हे लक्षात ठेवा

• चाळिशीच्या आत वाढलेलं बीपी
• बरगड्यांखाली, कुशीत सतत जडपणा किंवा कळा
• लघवीत रक्त, वारंवार संसर्ग, मुतखडा
• रात्री अनेकदा लघवीला उठणं
• वाढत जाणारं पोट, थोडं खाऊन पोट भरणं
• घरात किडनीचा आजार, डायलिसिस किंवा तरुणपणी मेंदूतला रक्तस्राव

यातलं पहिलं आणि शेवटचं एकत्र असेल, तर वाट न पाहता सोनोग्राफी करून घ्या. अचानक असह्य डोकेदुखी झाली, तर लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.